तेलविहिरीतलं रबर आणि पोलाद: कुठे टिकतं, कुठे फुटतं

“सर, इथं एका काळ्या रबरी रिंगच्या पैशात आपल्या गावची मोटर दोनदा भरून निघते. असं काहून?”

मोहाडीकडचा एक जुना विद्यार्थी आखातात वायूच्या विहिरीवर काम करतो. त्याने फोनवर हे विचारलं. त्याला थोडक्यात सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्या भंडारा-गोंदियातून आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून रिगवर (विहीर खणणाऱ्या यंत्रावर), गॅस प्लांटवर जाणारी पोरं बरीच आहेत. पाना कसा धरायचा, कोणता बोल्ट आधी कसायचा हे त्यांना शिकवलं जातं. पण हातातली वस्तू कशाची बनली आहे आणि नेमकी तीच का निवडली, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. तेलाच्या विहिरीत हे ठाऊक असणं जिवाशी निगडित आहे.

सगळ्या विषयाचं मूळ एवढंच आहे: कोणतंही रबर किंवा पोलाद अंगचं चांगलं किंवा वाईट नसतं. ते कशात बुडणार, किती तापणार, किती दाब झेलणार आणि किती वर्षं टिकायला हवं, या चार गोष्टी कळल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही. दुकानात “भारीतली द्या” म्हणून मागण्याची आपली सवय इथे घातक ठरते, कारण भारीतली रिंग चुकीच्या विहिरीत स्वस्त रिंगेच्या आधी फुटू शकते. तसं का होतं ते पुढे येईलच.

आधी जागा समजून घेऊ. आपल्याकडे तेल नाही. पश्चिम विदर्भात ज्वालामुखीचा काळा पाषाण आहे, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने, तापून-दाबून घट्ट झालेले खडक. तेल-वायू साठतो तो गाळाच्या सच्छिद्र खडकात. म्हणून आसामात दिग्बोईला १८८९ साली तेल लागलं, आपल्या राज्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात मुंबई हाय १९७४ साली सापडलं, आणि विदर्भाच्या वाट्याला कोळसा आणि मँगनीज आलं. मँगनीजकडे परत येऊ, कारण या गोष्टीत त्याचा हात आहे.

शेतातला बोअर दोनशे-तीनशे फुटांचा. मोटर बसते तिथे पाणी बाराही महिने गारच असतं. तेलाची विहीर तीन-चार किलोमीटर सहज खोल जाते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, म्हणजे चार किलोमीटरवर १३० ते १५० अंश सेल्सिअस. दाबाचा हिशोबही सोपा आहे. दहा मीटर पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार टाकतो, तर चार हजार मीटरवर सुमारे चारशे किलो. काही थरांत दाब याहूनही जास्त सापडतो. त्यात नुसतं तेल नसतं. कित्येकदा समुद्राहून खारट पाणी असतं, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि काही विहिरींत हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू असतो. शिवाय एकदा खाली बसवलेला भाग काढायचा तर रिग आणून, विहीर बंद ठेवून, सगळी नळी उपसावी लागते. शेतातली मोटर पाच-सहा माणसं मिळून दुपारपर्यंत वर काढतात, इथे तसं नाही. म्हणून ती रिंग वर्षानुवर्षं टिकेल अशीच घालावी लागते.

विहिरीची रचना थोडक्यात अशी. खणलेल्या भोकात पोलादी केसिंग उतरवून तिच्याबाहेर सिमेंट भरतात. केसिंगच्या आत बारीक ट्युबिंग असते, तिच्यातून तेल-वायू वर येतो. ट्युबिंग आणि केसिंग यांच्यामधली पोकळी खाली एका जागी बंद करावी लागते. ती बंद करणाऱ्या भागाला पॅकर म्हणतात, आणि पॅकरचा जीव असतो त्याच्या जाड रबरी नळकांड्यात. ते दाबून बाजूला फुगवलं की केसिंगच्या भिंतीला घट्ट बसतं. याशिवाय प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये आणि जोडामध्ये ओ-रिंगा, म्हणजे फट बंद करणाऱ्या गोल रबरी रिंगा, असतात. वजनाने हे रबर पोलादापुढे काहीच नाही, पण ते गेलं की पोलाद शाबूत असूनही विहीर हातातून जाते.

रबर तेलात का फुगतं

हे घरी बघता येतं. काचेच्या दोन छोट्या बाटल्यांत डिझेल घ्या. एकीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा टाका, दुसरीत ट्रॅक्टरच्या ऑइल सीलचा. दोन्ही तुकडे आधी कागदावर ठेवून पेन्सिलने कड आखून घ्या. आठवड्याने बाहेर काढून त्याच आखणीवर ठेवा. ट्यूबचा तुकडा रेषेबाहेर गेलेला दिसेल आणि नखाने दाबला तर लिबलिबीत लागेल. सीलचा तुकडा जवळपास होता तसाच. बाटली झाकून, चुलीपासून आणि लेकरांपासून लांब ठेवा.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. नुसता गुंता उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतो. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळलं की गंधक घालून रबर तापवलं तर या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात, आणि ताणून सोडल्यावर रबर मूळ आकारात परत येतं. नैसर्गिक रबराच्या साखळ्या कार्बन आणि हायड्रोजनच्या, डिझेलही कार्बन आणि हायड्रोजनचंच. स्वभाव सारखा असल्यामुळे डिझेलचे रेणू साखळ्यांमध्ये सहज शिरतात. गंधकाच्या गाठींमुळे रबर विरघळून जात नाही, पण फुगतं आणि त्यातली ताकद निघून जाते.

उपाय म्हणजे साखळीचाच स्वभाव बदलणं. ॲक्रिलोनायट्राइल नावाचा घटक साखळीत गुंफला की तेलाचे रेणू तिच्याजवळ तितके फिरकत नाहीत. हे नायट्राइल रबर. ऑइल सील, डिझेलचा पाइप, ट्रॅक्टरच्या लिफ्टमधल्या रिंगा बहुतेक याच्या. या घटकाचं प्रमाण साधारण १८ ते ५० टक्क्यांपर्यंत ठेवता येतं. जास्त ठेवलं की तेलात उत्तम टिकतं, पण थंडीत लवकर ताठरतं. कमी ठेवलं तर थंडी सोसतं, पण तेलात फुगतं. एका हाताने घेतलं की दुसऱ्या हाताने द्यावं लागतं, आणि हे प्रत्येक रबराच्या बाबतीत होतं.

मग नैसर्गिक रबर तेलक्षेत्रात टाकाऊ का? नाही. विहीर खणताना तोंडावर बीओपी नावाचं यंत्र बसवतात. खालून अचानक वायू उसळला तर विहिरीचं तोंड बंद करणं हे त्याचं काम. १९२२ साली जेम्स ॲबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमरन यांनी त्याचा पहिला चालणारा नमुना घडवला. आजच्या बीओपीत एका भागात रबराचं भलंमोठं कडं असतं. ते आवळलं की आत कोणत्याही जाडीचा पाइप असो, त्याला सगळीकडून कवटाळतं. खणताना विहिरीत फिरवत ठेवायचा चिखल पाण्यात कालवलेला असेल तर हे कडं नैसर्गिक रबराचं घालतात, कारण ताणण्या-फाटण्याच्या बाबतीत ते फार दमदार आहे. चिखल तेलात कालवलेला असेल तर नायट्राइलचं. रिगवर चिखल बदलला आणि कडं तेच राहिलं तर घात होऊ शकतो. कडं कशाचं आहे हे विचारायला नव्या पोरानेही लाजू नये.

आणि फुगणं नेहमी वाईटच असंही नाही. विहिरीत सोडल्यावर तेल किंवा पाणी पिऊन मुद्दाम फुगणारे पॅकरही बनवतात. ते सावकाश फुगून खडकाच्या ओबडधोबड भिंतीला चिकटतात.

उष्णता, वायू आणि औषध

नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांपर्यंत साथ देतं. त्यापुढे ते वेगाने म्हातारं होतं. ढोबळ ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो. नायट्राइलच्या साखळीत काही दुहेरी बंध असतात, उष्णता आणि हायड्रोजन सल्फाइड तिथेच हल्ला करतात. सल्फाइडमुळे साखळ्यांत नको तितक्या नव्या गाठी पडतात, रबर कडक होतं आणि शेवटी तडकतं. हे दुहेरी बंध हायड्रोजन जोडून आधीच मिटवले तर मिळतं हायड्रोजनेटेड नायट्राइल, धंद्यात ज्याला एचएनबीआर म्हणतात. ते १५० अंशांच्या आसपास टिकतं आणि सल्फाइडही बऱ्यापैकी सोसतं. तेलक्षेत्रातला हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मधला मार्ग.

त्याहून गरम जागेसाठी फ्लोरिनयुक्त रबर येतं, एफकेएम. त्याचा सर्वांना ठाऊक असलेला ब्रँड म्हणजे व्हायटन, ड्युपाँ कंपनीने १९५७ साली बाजारात आणलेला. साखळीवर फ्लोरिनचं कवच असल्यामुळे २०० अंशांपर्यंत तेल त्याचं फारसं बिघडवू शकत नाही. महाग, उष्णतेत दणकट, तेलात उत्तम. आता यात वाईट काय असणार?

वाईट बाहेरून येतं, आणि तेही औषध म्हणून. विहिरीतली पोलादी ट्युबिंग गंजू नये म्हणून वरून गंजरोधक रसायन सोडतात. त्यातली पुष्कळशी रसायनं अमाइन जातीची असतात. ती पोलादावर पातळ थर धरतात, पोलाद वाचतं. पण अमाइन अल्कधर्मी असतं, आणि ते एफकेएमच्या साखळीतून हायड्रोजन आणि फ्लोरिन ओढून काढतं. जिथून ते निघाले तिथे दुहेरी बंध तयार होतो, त्यावर नव्या गाठी बसतात, रबर ठिसूळ होऊन त्याला बारीक भेगा पडतात. पोलाद वाचवण्यासाठी सोडलेलं औषध रबराला मारतं. रबर निवडणारा एका खोलीत आणि रसायन निवडणारा दुसऱ्या खोलीत बसत असेल, तर दोघांचेही निर्णय आपापल्या जागी बरोबर असून विहीर गळू शकते. त्या फोनवर मी सर्वांत जास्त वेळ यावरच बोललो, कारण जमिनीवर उभा असलेला तंत्रज्ञच रसायनाचा ड्रम आणि रबराचं पाकीट दोन्ही एकाच वेळी बघत असतो.

अमाइन असेल तिथे एचएनबीआर चालतं, किंवा एफईपीएम नावाचं वेगळं फ्लोरिनयुक्त रबर घेतात, अफ्लास या नावाने ते ओळखलं जातं. अमाइन, वाफ आणि सल्फाइड तिन्ही ते सोसतं. पण शून्य अंशाच्या जवळ आलं की ताठरतं. सर्वांत वरच्या पायरीवर एफएफकेएम, ज्यात साखळीवर हायड्रोजन जवळजवळ उरतच नाही. तापमान ३०० अंशांपर्यंत गेलं तरी त्याचे काही प्रकार टिकतात. फोनवर विचारलेली रिंग बहुधा याचीच होती.

थंडीचा प्रश्न तेलविहिरीत कसा, असं वाटेल. दाबाखालचा वायू अरुंद वाटेने बाहेर पडून पसरला की थंड होतो. खाली १४० अंश असलेल्या विहिरीच्या तोंडाशी व्हॉल्व्हवर बर्फ धरलेला दिसू शकतो. रबर थंडीत ताठरलं तर काय होतं हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिलं. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या जोडातल्या ओ-रिंगा एफकेएमच्या होत्या. त्या सकाळच्या कडाक्याच्या थंडीत त्या वेळेवर फुगून फट भरू शकल्या नाहीत आणि गरम वायू बाहेर आला. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तो रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो चटकन पूर्ववत होत नाही हे सर्वांसमोर दाखवलं. रबर उत्तम प्रतीचं होतं, फक्त त्या थंडीसाठी नव्हतं.

आता वायूची एक खोड. तीनशे-चारशे किलो दाबाखाली वायू रबरात मुरतो. कार्बन डायऑक्साइड तर फारच. दाब तसाच राहिला तर त्रास नाही, आत-बाहेर सारखंच. पण कुणी व्हॉल्व्ह झटकन उघडून दाब उतरवला, तर आत मुरलेल्या वायूला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो जागच्या जागी फुगतो आणि तापलेल्या वाळूत धानाचा मुरमुरा फुटावा तसं रबर आतून फुटतं. कधी वर फोड दिसतात, कधी रिंग बाहेरून साफ दिसते आणि कापून पाहिली तर आत चिरा. म्हणून अशा कामाच्या रिंगा कडक रबराच्या, शक्यतो बारीक जाडीच्या घेतात, आणि त्या खाचेत नीट भरतील अशा बसवतात. प्रयोगशाळेत त्यांना दाब देऊन, सोडून, पुन्हा दाब देऊन छळतात आणि मग कापून चिरा मोजतात. नॉर्वेच्या नॉर्सोक एम-७१० आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ २३९३६-२ या मानकांत ही पद्धत दिली आहे. पण मानक पाळलेली रिंगही घाईने मरू शकते. दाब टप्प्याटप्प्याने उतरवा असं कार्यपद्धतीत लिहिलेलं असतं, ते वेळकाढूपणा म्हणून लिहिलेलं नसतं. ती सूचना रबरासाठी आहे.

जास्त दाबाखाली रबर फटीतून पिळून बाहेर येतं, हे ट्रॅक्टरच्या मिस्त्रीलाही ठाऊक आहे. कड कुरतडल्यासारखी दिसते. त्यावर उपाय म्हणून रिंगेच्या पाठीशी टेफ्लॉन किंवा पीक (PEEK) या कडक प्लास्टिकची आधाराची रिंग घालतात, आणि कठीणपणा शोअर मापनात ७० ऐवजी ९० घेतात.

मजबूत पोलाद आधी का तुटतं

पोलादाकडे येण्याआधी हायड्रोजन सल्फाइडबद्दल थांबून सांगायला हवं. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. पण हवेत दहा लाख भागांत शंभराच्या आसपास प्रमाण झालं की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस पुढे जातो. पाचशेच्या पुढे तो काही वेळात कोसळू शकतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, खोलगट जागी साचतो. नाकावर कधीच विसंबू नका, अंगावरचा गॅस डिटेक्टर चालू आहे का ते रोज तपासा. आपल्याकडे गुजरातेत हजिरा इथे ओएनजीसीचा मोठा प्रकल्प आहे, समुद्रातल्या वसई क्षेत्राचा सल्फाइडयुक्त वायू तिथे साफ होतो.

हा वायू पाण्यासोबत पोलादाला लागला की लोखंडाचं सल्फाइड बनतं आणि हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी दोन अणू जोडीने एकत्र येऊन बुडबुडा होऊन निघून जातात. सल्फाइड ही जोडी जमू देत नाही. सुटा अणू इतका बारीक असतो की तो थेट पोलादाच्या अंगात शिरतो आणि जिथे आधीच ताण आहे तिथे जाऊन बसतो. नरम पोलाद थोडं वाकून, ताणून हे सहन करतं. कठीण पोलादात ती लवचीकता नसते, त्याला चीर पडते. गंज नाही, झीज नाही, आधी इशारा नाही. काल ठणठणीत असलेली नळी आज तुटते.

आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की जेवढं कठीण तेवढं टिकाऊ. कुदळीच्या पात्याला हे लागू असेल, सल्फाइडच्या विहिरीत अगदी उलट आहे. म्हणूनच एनएसीई या गंजतज्ज्ञांच्या संस्थेचं एमआर ०१७५ हे मानक, जे १९७५ साली आलं आणि आता आयएसओ १५१५६ म्हणूनही चालतं, साध्या पोलादाला रॉकवेल सी मापनात साधारण २२ ही कठीणपणाची मर्यादा घालून देतं. विहिरीच्या नळ्यांवर एल८०, पी११० असे शिक्के असतात. आकडा म्हणजे पोलाद कायमचं ताणलं जायला लागणारा भार, हजार पाउंड दर चौरस इंच या हिशोबात. पी११० आकड्याने बलवान, पण गार सल्फाइडमध्ये धोक्याचं. एल८० कमी बलवान, पण कठीणपणावर मर्यादा घालून बनवलेलं, म्हणून सुरक्षित.

“गार” हा शब्द मुद्दाम वापरला. सल्फाइडची ही चीर साधारण खोलीच्या तापमानाला सर्वांत जास्त पडते आणि उष्णता वाढली की कमी होते. सुमारे ८० अंशांच्या वर पी११० वापरायला मानक परवानगी देतं. म्हणजे त्याच विहिरीत खाली, गरम भागात चालणारं पोलाद वर, गार भागात चालत नाही. आणि गंमत नाही, अडचण आहे: लटकणाऱ्या सगळ्या नळीचं वजन वरच्याच भागावर येतं. जिथे ताकद सर्वांत जास्त हवी तिथेच कठीण पोलाद घेता येत नाही. मग भिंत जाड करावी लागते, किंवा सल्फाइडसाठीच खास बनवलेलं महाग पोलाद घ्यावं लागतं.

याची किंमत कझाकस्तानात दिसली. कास्पियन समुद्रातल्या काशागान या अवाढव्य क्षेत्रातून सप्टेंबर २०१३ मध्ये तेल सुरू झालं. तिथल्या वायूत १५ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन सल्फाइड. काही आठवड्यांतच पाइपलाइन गळू लागली आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबलं. तपासात निघालं सल्फाइडमुळे तडकलेलं पोलाद. तेल आणि वायू अशा दोन्ही पाइपलाइन, मिळून सुमारे २०० किलोमीटर, पुन्हा टाकाव्या लागल्या. नव्या नळ्यांना आतून गंजरोधक मिश्रधातूचं अस्तर दिलं. उत्पादन परत सुरू व्हायला २०१६ उजाडलं.

वेल्डिंग करणाऱ्यांसाठी यात धडा आहे. जोडाच्या शेजारचा पट्टा वितळत नाही, पण भयंकर तापून झटकन गार होतो आणि तेवढाच कठीण बनतो. सबंध नळी मर्यादेत असली तरी तो बोटभर पट्टा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणून आधी तापवणं, नंतर पुन्हा ठरलेल्या तापमानाला धरून ठेवणं आणि कठीणपणा मोजणं ही कामं टाळता येत नाहीत.

आता आपलं मँगनीज. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मॉइल या सरकारी कंपनीच्या खाणींतून जे खनिज निघतं, त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पोलाद उद्योग आहे. लोखंडात गंधक राहिलं तर लाल तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. मँगनीज त्या गंधकाला पकडून ठेवतं आणि पोलाद लाटण्याजोगं होतं. त्याच्याशिवाय पाइपचं पोलाद बनतच नाही. पण गंधक पकडून बनलेले मँगनीज सल्फाइडचे कण पोलादासोबत लाटले जातात, लांबट चपटे होतात, आणि विहिरीतला हायड्रोजन नेमका त्यांच्या कडेला जमून आतल्या आत पापुद्रे सोडवतो. यावर दोन उपाय. पोलादातलं गंधक मुळातच हजारात काही शतांश भागांपर्यंत खाली आणायचं, आणि उरलेल्या कणांवर कॅल्शियमची मात्रा देऊन ते गोल ठेवायचे, म्हणजे लाटताना ते लांब होत नाहीत. आपल्या मातीतून निघालेली वस्तू हजारो किलोमीटरवरच्या विहिरीत हे काम करते, याचा मला फार अभिमान वाटतो, आणि खाणीत राबणाऱ्यांच्या लेकरांना हे शाळेत शिकवायला हवं असं मनापासून वाटतं.

कार्बन डायऑक्साइडचं वागणं वेगळं. पाण्यात विरघळून तो सौम्य आम्ल बनवतो आणि साध्या पोलादाला खड्डे पाडत खातो. इथे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद कामी येतं. क्रोमियम पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतं, ओरखडा गेला तरी तो पुन्हा धरतो. मात्र खारट पाणी फार आणि तापमान १५० अंशांच्या पुढे, किंवा सोबत सल्फाइड बऱ्यापैकी, अशा ठिकाणी हे पोलाद उघडं पडतं. पुढची पायरी २२ आणि २५ टक्के क्रोमियमची ड्युप्लेक्स पोलादं, ज्यांत मॉलिब्डेनम आणि नायट्रोजनही असतं. त्यानंतर निकेलचे मिश्रधातू: ८२५, ६२५, ७१८, सी-२७६. ७१८ मध्ये निम्म्याहून जास्त निकेल असतं, थोडं नायोबियम असतं, आणि उष्णतेची प्रक्रिया देऊन ते फार बलवान करता येतं. ती प्रक्रिया बिघडली तर कणांच्या सीमांवर नको ते स्फटिक बसतात आणि हाच राजेशाही धातू हायड्रोजनपुढे ठिसूळ होतो. नाव तेच, कागद तोच, पण भट्टीतल्या चुकीमुळे धातू वेगळा.

मग सगळीकडे निकेलच का नाही वापरत? किंमत साध्या पोलादाच्या कितीतरी पट. विहीर थोडी वर्षं चालणार असेल आणि गंजरोधक रोज नेमाने सोडता येत असेल, तर साधं पोलाद आणि औषध हेच शहाणपणाचं. समुद्रतळावरची, पंचवीस वर्षं हात लावता न येणारी विहीर असेल तर महाग धातू शेवटी स्वस्त पडतो. मात्र पहिला मार्ग निवडला की तिथले सगळे रबर अमाइनमध्ये टिकणारे हवेत. धातूचा निर्णय आणि रबराचा निर्णय असे एकमेकांना बांधलेले असतात.

हातात नळी येते तेव्हा

निवड इंजिनिअर करतात, पण ती बिघडवणं आणि सांभाळणं तळावरच्या हातांत असतं. रबराचं आधी. काळ्या रिंगा सगळ्या सारख्याच दिसतात, रंगावरून जात ओळखता येत नाही. एफकेएम हाताला नायट्राइलपेक्षा जड लागतं, एवढी एक खूण, पण खरा आधार पाकिटावरचा मजकूर. त्यावर रबराची जात, कठीणपणा आणि बनवल्याची तारीख असते. आयएसओ २२३० प्रमाणे पाकीटबंद नायट्राइल आणि एचएनबीआर सात वर्षं, एफकेएम दहा वर्षं, त्यानंतर तपासून थोडी मुदतवाढ. रिंगा खिळ्याला लटकवू नयेत, एका जागी ताण येऊन आकार बिघडतो. उन्हात नको, आणि ठिणग्या उडवणाऱ्या विजेच्या मोटरीजवळ नको, तिथे तयार होणारा ओझोन नायट्राइलला चिरा पाडतो.

नळ्यांचं त्याहून बारकाईचं. सल्फाइडच्या विहिरीसाठीची नळी टाँगच्या (नळ्या फिरवून कसणाऱ्या मोठ्या पान्याच्या) दातांनी खोलवर चावली किंवा हातोड्याने ठोकली, तर तेवढी जागा थंडपणीच कठीण होते आणि चीर तिथूनच सुरू होते. म्हणून अशा नळ्यांवर धारदार अक्षरांचे ठसे ठोकत नाहीत, गोल टोकाचे कमी ताणाचे ठसे वापरतात. क्रोमियम आणि निकेलच्या नळ्या उचलायला साखळी नव्हे, नायलॉनचा पट्टा लागतो, आणि टाँगला खुणा न पाडणारे जबडे. साध्या पोलादाच्या रॅकवर त्या घासल्या तर लोखंडाचे कण चिकटून बसतात आणि गंजाला तिथून वाट मिळते, म्हणून मध्ये लाकूड किंवा रबराची पट्टी ठेवायची. पट्टी सरकलेली दिसली तर कुणी सांगायची वाट न बघता ती जागेवर लावायची, आणि नळीला खोल खूण पडलेली दिसली तर ती विहिरीत उतरण्याआधी सुपरवायझरला दाखवायची, मग ती खूण आपल्याच हातून पडलेली का असेना.